‘अगदी आमच्यातलीच झाली!’

परक्या जातीतून, प्रांतातून वा धर्मातून आलेल्या सुनेला मराठी मध्यमवर्गीय घरात एक ठरावीक प्रशस्तिपत्र मिळते. ‘मूळची आमच्यातली नाही, पण सांगितल्याखेरीज कुणाला ओळखू येणार नाही; अगदी आमच्यातलीच झाली हो!’ हे वाक्य बहुधा सासूबाई उच्चारतात, आणि मनापासून उच्चारतात. त्यात दुष्टावा तर नसतोच, उलट कौतुकच असते. तरीही ते शब्द जरा उलटून पाहिले, तर हे कौतुक कशाचे आहे याचा उलगडा होतो. कौतुक आहे ते पुसले जाण्याचे. जी स्त्री आपल्या पंचवीस वर्षांच्या पूर्वायुष्याची एकही खूण मागे ठेवत नाही, ती या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते.

त्याच घरातील जावयाची परीक्षा निराळी असते. गुजराती घरी जावई म्हणून गेलेला मराठी तरुण दोन मोडकी गुजराती वाक्ये बोलला आणि उंधियो आवडीने खाऊन आला, की त्याच्या मोकळ्या मनाची वाहवा वर्षानुवर्षे चालते. तो आपले नाव बदलत नाही, देव बदलत नाही, आणि सांगितल्याखेरीज ओळखू येऊ नये अशी अपेक्षा तर त्याच्याकडून कुणी स्वप्नातही करीत नाही. तो पाहुणा म्हणून दुसऱ्या संस्कृतीत जातो आणि पाहुणा म्हणूनच सन्मानाने परत येतो.

आपल्या देशात असे विवाह संख्येने थोडेच आहेत. २०११-१२ च्या भारतीय मानवी विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आढळले होते. आंतरधर्मीय विवाह त्याहूनही विरळ. परंतु सुधारकांनी या थोड्या विवाहांवर फार मोठी आशा ठेवली होती. शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात १९२० पूर्वीच आंतरजातीय विवाहाला कायद्याचे संरक्षण दिले. १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’चा विचार मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहभोजनासारखे उपाय अपुरे ठरवले आणि आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय मानला. रक्ताची सरमिसळ झाल्याखेरीज आप्तभाव निर्माण होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रश्न असा आहे, की ही सरमिसळ प्रत्यक्षात होते का? दोन जातींचा विवाह झाला आणि त्यातील एका व्यक्तीने आपली जात, बोली, स्वयंपाक, कुलदैवत सारे उंबऱ्याबाहेर ठेवले, तर घर होते तसेच, एकाच जातीचे राहते. मिश्रण झाले असे म्हणण्यापेक्षा एका व्यक्तीची बदली झाली, एवढेच म्हणावे लागेल. सरकारी नोकरीतील बदलीशी हे साम्य थोडे पुढेही नेता येईल. फरक इतकाच, की बदलीच्या ठिकाणी रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्याला निदान प्रवासभत्ता मिळतो.

घसाऱ्याचा हिशेब

या बदलाचा आरंभ नावापासून होतो. ताटातील तांदळात अंगठीने नवे नाव लिहिण्याची प्रथा महाराष्ट्रात अजून पुरती गेलेली नाही. आणि वधू परप्रांतीय किंवा परधर्मीय असेल तर ज्या घरात ही प्रथा एरवी सोडून दिलेली असते तेथेही ती आठवते, कारण नाव ‘आपल्यासारखे’ वाटले पाहिजे. मग गोत्र, मग कुलाचार. बंगाली मुलीने शाखा-पोळा उतरवून हिरवा चुडा भरावा, आणि बंगाल्यात गेलेल्या मराठी मुलीने हिरवा चुडा उतरवून शाखा-पोळा घालावा. मारवाडी घरात गेलेल्या मराठी मुलीला, जिच्या आईने आयुष्यात कधी तोंडावरून पदर ओढला नाही, वडीलधाऱ्यांसमोर घुंघट घेण्याचे शिक्षण मिळते. मांसाहारी घरातून शाकाहारी घरात आलेली मुलगी मासळी सोडते. इतकेच नव्हे, तर आपल्याला तिची आठवण येते हे बोलून दाखवणेही सोडते. उलट दिशेने, शाकाहारी घरातून मासे खाणाऱ्या घरी गेलेली मुलगी एकदोन वर्षांत पापलेट साफ करायला शिकते, आणि ‘हात धरला नाही हो तिने कधी’ म्हणून तिची वाखाणणी होते.

स्वयंपाकघर हा या सगळ्या व्यवहाराचा गाभा आहे. आमटीत गूळ किती, कालवणात नारळ ओला की सुका, पोळीला तेल आधी की नंतर, एकादशीला काय चालते, सोवळ्यात काय येते, चतुर्थीचा नैवेद्य कुणी दाखवायचा, गौरी मुखवट्याच्या की खड्यांच्या: ही माहिती कुठल्याही पुस्तकात नसते. ती लहानपणापासून डोळ्यांनी आणि हातांनी गोळा होते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हे भांडवलच होय, आणि ते जमा व्हायला वीस-पंचवीस वर्षे लागतात. जातीत लग्न करणाऱ्या मुलीचे हे भांडवल सासरी बरेचसे चालून जाते. समाजाबाहेर लग्न करणारीचे एका दिवसात निरुपयोगी ठरते. यंत्राची किंमत हिशेबवहीत दरवर्षी थोडीथोडी घसाऱ्यात टाकतात. येथे सगळा घसारा पहिल्याच दिवशी लागतो, आणि नवे भांडवल पुन्हा शून्यापासून, तेही परीक्षकांच्या देखत, उभे करावे लागते.

हे काम ज्या वेळात करायचे तो वेळ कुणाचा, हेही पाहावे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्या कामात जातात, आणि भाग घेणाऱ्या पुरुषाची ८८. जुळवून घेण्याचे श्रम या सर्वेक्षणात वेगळे मोजलेले नाहीत. मोजता येण्यासारखेही नाहीत. परंतु ते ज्या कामांतून व्यक्त होतात ती कामे, म्हणजे रांधणे, वाढणे, सणवार आणि पैपाहुणा, जिच्या वाट्याला येतात तिच्याच वाट्याला ते श्रमही येणार, हे उघड आहे. पतीने पत्नीची संस्कृती आत्मसात करायचे मनात आणले तरी त्याने ते करायचे कुठे? ज्या खोलीत संस्कृती राहते त्या खोलीत त्याचा फारसा वावरच नसतो.

यावर एक आक्षेप हटकून घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. जुळवून घेणे कुठल्या सुनेला चुकले आहे? रत्नागिरीची मुलगी नागपुरात दिली, जात तीच असली, तरी तिला सावजी रश्शाची सवय करावीच लागते. सासर म्हणजे परके घर, ते मग जातीतले असो वा जातीबाहेरचे. हे खरे. पण जातीतल्या लग्नात मुलीच्या बाजूने एक अदृश्य पाठबळ उभे असते. लग्न ठरवताना दोन्हीकडची वडील माणसे समोरासमोर बसलेली असतात, मध्यस्थ असतो, मानपानाच्या निमित्ताने का होईना पण दोन घरांनी एकमेकांची किंमत ओळखलेली असते. पुढे काही बिनसले तर मामा किंवा काका येऊन चार शब्द सुनावू शकतो. सणाला माहेरचे बोलावणे येते, बाळंतपण माहेरी होते. या येण्याजाण्यात सासरला एक गोष्ट न बोलता कळत असते: या मुलीला जायला जागा आहे.

घरातील व्यवहार हा एकाच वेळी सहकार्याचा आणि संघर्षाचा असतो, आणि त्यात कुणाचे म्हणणे चालणार हे पुष्कळदा, सहकार्य तुटले तर कुणाची अवस्था किती वाईट होईल यावर ठरते, असे विवेचन अमर्त्य सेन यांनी केले आहे. समाजाबाहेर विवाह करणाऱ्या स्त्रीला ते विशेष लागू पडते. तिच्या लग्नाला माहेरचे आलेले नसतात. किंवा येतात आणि कोपऱ्यात बसून अक्षता टाकून जातात. ‘तू तुझे बघितलेस ना, आता तूच निस्तर’ हे वाक्य तिने ऐकलेले असते. सासरलाही ते ठाऊक असते. अशा स्थितीत तिची घासाघीस करण्याची शक्ती जवळजवळ संपलेली असते, आणि मग जी गोष्ट जातीतल्या सुनेला आग्रहाने सांगितली जाते ती हिला गृहीत धरूनच सांगितली जाते. ‘स्वतःच्या मर्जीने आलीस’ हा युक्तिवाद दोन्ही घरे सारख्याच सहजतेने वापरतात. स्वातंत्र्य वापरल्याचा दंड म्हणून उरलेले स्वातंत्र्य जमा करून घ्यावे, असा हा न्याय आहे. पतीनेही मर्जीनेच लग्न केलेले असते, पण त्याच्याकडून अशी वसुली होत नाही. त्याचे घर त्याच्याजवळच राहते.

मालमत्तेच्या बाबतीत याचा परिणाम अगदी ठोस दिसतो. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि तिने कुणाशी लग्न केले यावर तो अवलंबून नाही. धर्म वा जात सोडल्यामुळे वारसा हिरावला जाऊ नये, हे तत्त्व तर १८५० च्या कायद्याइतके जुने आहे. परंतु हक्कसोडपत्रावर सही मागायला भाऊ येतो तेव्हा तो कायदा घेऊन येत नाही. तो माहेरचा बंद झालेला दरवाजा घेऊन येतो. सही केलीस तर दिवाळीला ये. पुष्कळ बहिणी सही करतात, आणि त्यात मूर्खपणा नसतो. दरवाजाची किंमत त्यांनी जमिनीपेक्षा अधिक लावलेली असते.

कायद्याचा हेलकावा

कायद्याने या प्रश्नाशी दीडशे वर्षे झटापट केली आहे. १८७२ च्या नोंदणी विवाहाच्या कायद्याखाली लग्न करायचे तर वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणीच नाही असे जाहीर करावे लागे. म्हणजे लग्न करण्यासाठी दोघांनी आधी आपापले घर सोडायचे. निदान ही सक्ती दोघांवर सारखी होती! १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्यापुरती ती सैल झाली, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने आपापला धर्म राखून विवाह करण्याची मुभा सर्वांना दिली. जुन्या हिंदू कायद्यात तर दिशाही महत्त्वाची होती. वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालच्या वर्णाची स्त्री हा अनुलोम विवाह मुंबई उच्च न्यायालयाने १९२२ आणि १९३१ साली वैध ठरवला. प्रतिलोम विवाहाला, म्हणजे स्त्री वरच्या वर्णाची असेल तर, तशी मान्यता नव्हती. जातिभेदामुळे कोणताही हिंदू विवाह अवैध ठरणार नाही हे कायद्याने निःसंदिग्धपणे सांगितले ते १९४९ साली.

पण विवाह वैध झाला म्हणून स्त्रीची ओळख तिच्याजवळ राहिली, असे नाही. पारशी समाजाचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. रतनजी दादाभाई टाटा यांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच स्त्रीशी विवाह केला. तिने नाव बदलून सूनी घेतले, झरतुष्ट्री धर्माची दीक्षा घेतली. तरीही समाजाच्या धर्मादाय संस्थांचा लाभ तिला मिळावा का, यावर वाद होऊन १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयाचा जो प्रसिद्ध निवाडा झाला, तो तिच्या बाजूने लागला नाही. धर्म स्वीकारता येतो, पारशीपण जन्माने येते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. त्याच निवाड्यात मात्र पारशी पित्याच्या आणि परजातीय मातेच्या धर्मदीक्षित संततीला पारशी मानले गेले. म्हणून सूनीबाई पारशी नव्हेत आणि त्यांचे चिरंजीव जे. आर. डी. टाटा पारशी. नाव, धर्म, वेष सारे बदलूनही ‘आमच्यातली’ हे प्रशस्तिपत्र आईला मिळाले नाही ते नाहीच.

आता याची दुसरी बाजू. वलसाडच्या एका पारशी स्त्रीने विशेष विवाह कायद्याखाली हिंदू पुरुषाशी लग्न केले. तिने धर्म सोडला नव्हता. ती झरतुष्ट्री आचार पाळत होती. आईवडिलांच्या अंत्यविधीला आपल्याला प्रवेश मिळावा, एवढीच तिची मागणी होती. २०१२ साली गुजरात उच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने असे धरले, की विवाहानंतर स्त्रीने पतीचा धर्म स्वीकारला असे मानावे. सुनावणी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे आली तेव्हा, डिसेंबर २०१७ मध्ये, न्यायमूर्तींनी या गृहीतकावर सडकून टीका केली आणि लग्न केल्याने स्त्री स्वतःला पुरुषाकडे गहाण टाकीत नाही असे स्पष्ट बजावले. त्यानंतर त्याच महिन्यात वलसाडच्या अंजुमनने तिला आईवडिलांच्या अंत्यविधीस उपस्थित राहू देण्याचे मान्य केले. एका मुलीने आपल्या आईबापांच्या अखेरच्या प्रार्थनेला हजर राहावे की नाही, याचा निकाल लागायला देशाचे सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले.

पारशी समाजाची भीतीही समजून घेण्यासारखी आहे. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या अवघी ५७,२६४ भरली. इतक्या लहान समाजाला आपण विरघळून जाऊ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हिशेब म्हणूनही हा नियम टिकत नाही. संख्या घटते आहे म्हणून बाहेर लग्न केलेल्या मुलींना आणि त्यांच्या मुलांना वगळायचे, आणि बाहेर लग्न केलेल्या मुलग्यांची मुले मात्र मोजायची, यात संख्या वाचत नाही. वाचते ती फक्त मुलग्यांकडून वंश मोजण्याची रीत.

बिगरपारशी समाजांनी यावर मान डोलावून समाधान मानू नये. २०१९-२० मध्ये पाहणी करून प्यू संशोधन केंद्राने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, आपल्या समाजातील स्त्रियांना जातीबाहेर लग्न करण्यापासून रोखणे फार महत्त्वाचे आहे असे ६४ टक्के भारतीयांनी सांगितले. पुरुषांना रोखण्याबद्दल तसेच म्हणणारे ६२ टक्के होते. आकडे जवळजवळ सारखे आहेत, आणि म्हणूनच ते फसवे आहेत. रोखण्याची इच्छा दोघांबाबत सारखी असली, तरी न रोखता आलेल्याची वाट निराळी होते. मुलगा बाहेरची मुलगी घरात ‘आणतो’. मुलगी घरातून ‘जाते’. ही दोन क्रियापदे मराठीत इतकी मुरलेली आहेत, की त्यांतील अन्याय कानाला लागत नाही.

न्यायालयांचाही यात हेलकावा आहे. १९९६ साली कोचीन विद्यापीठातील व्याख्यातेपदाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की पुढारलेल्या समाजातील स्त्री मागास समाजात लग्न करून त्या घराची सदस्य होते, पण त्या समाजाचे आरक्षण तिला मिळणार नाही. २०१८ च्या आणखी एका निकालात, जात जन्माने ठरते, विवाहाने बदलत नाही, असे सांगितले गेले. हे निकाल त्यांच्या जागी योग्यच आहेत. जिने पिढ्यान्‌पिढ्यांची वंचना भोगली नाही तिने त्यावरचा उपाय मागू नये. मात्र मग घरातल्या व्यवहारालाही तेच माप लागायला हवे. सवलत मागताना जी स्त्री जन्मजातीचीच राहते, ती देवघरासमोर बसताना पतीच्या जातीची कशी होते?

आणि ‘होते’ म्हटले तरी समाज तिला होऊ देतोच असे नाही. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांचा डॉ. आंबेडकरांशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला आणि त्या सविता आंबेडकर झाल्या. सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील या डॉक्टर स्त्रीने पुढली आठ वर्षे एका दुर्धर प्रकृतीच्या माणसाची शुश्रूषा केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पतीबरोबर धम्मदीक्षा घेतली. अवघ्या दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले, आणि त्यांच्या मृत्यूबद्दल जो संशय उठला तो थेट त्यांच्या पत्नीवर आला. तो कधीही सिद्ध झाला नाही. परंतु त्या संशयाला जे इंधन मिळाले ते त्यांच्या जन्माच्या जातीचे होते, हे नाकारता येणार नाही. आपली बाजू त्यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात मांडली. जातीच्या उतरंडीने शतकानुशतके पोळलेल्या समाजाचा अविश्वास समजण्याजोगा होता, हे मान्य करूनही एक प्रश्न उरतोच: नाव, धर्म, निष्ठा सारे देऊन झाल्यावर स्त्रीने आणखी काय द्यायचे असते?

दलित घरातून सवर्ण घरात आलेल्या सुनेची कथा याहून मूक आहे. तेथे ‘आमच्यातली झाली’ याचा अर्थ पुष्कळदा ‘कुणाला कळू दिले नाही’ असा असतो. आडनाव बदलले की अर्धे काम होते. उरलेले अर्धे म्हणजे माहेरच्यांनी फारसे येऊ नये, आले तर एखाद्या आडवारी यावे, आणि मुलांना आजोळ कुठले हे शाळेत सांगू नये. अशा घराने जात मोडली म्हणून त्याचा सत्कार होतो. शासन अनुदानही देते. २०१० साली महाराष्ट्राने आंतरजातीय विवाहाच्या प्रोत्साहनाची रक्कम ५०,००० रुपये केली. हेतू स्तुत्य आहे. पण अनुदान विवाहाच्या निमित्ताने एकदाच मिळते आणि विवाहाची किंमत दरमहा भरावी लागते, हा हिशेब कोणत्या खात्याने करायचा? डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने आंतरधर्मीय विवाह केलेल्या स्त्रियांची आणि त्यांच्या माहेरच्या कुटुंबांची माहिती घेण्यासाठी समन्वय समिती नेमली. माहेर तुटलेल्या स्त्रीची विचारपूस हवीच. मात्र माहेर तुटते ते तिच्या लग्नामुळे की माहेरने दार लावल्यामुळे, हे आधी ठरवायला हवे. नाहीतर पाळत तेवढी तिच्यावर राहते आणि दार लावणारा मोकळा सुटतो.

स्त्रीने काहीच बदलू नये, असे कोणी म्हणत नाही. दोन माणसे एका घरात राहू लागली की दोघे थोडीथोडी बदलतात. त्यातच संसाराची गोडी आहे. प्रश्न वाटणीचा आहे. ज्या घरात गौरीच्या जेवणात एक पदार्थ सुनेच्या माहेरचा असतो, जेथे नवऱ्याला बायकोच्या भाषेत सासूशी दहा मिनिटे बोलता येते, तिचे जन्मनाव दारावरच्या पाटीवर टिकते, अशी घरे आज मराठी मुलखात नाहीत असे नाही. ती थोडी आहेत आणि गाजावाजा न करता चाललेली आहेत. त्यांच्यात कुलाचार बुडाल्याचे ऐकिवात नाही.

या घरांतील मुले जून महिन्यात शाळेत येतात तेव्हा प्रवेशअर्जात ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो. आई कन्नड, वडील मराठी. आई मराठी, वडील सिंधी. रकाना भरताना बहुधा वडिलांची भाषा लिहिली जाते, आणि कार्यालयातील लेखनिकालाही त्यात काही खटकत नाही. भारतीय जनगणनेची व्याख्या मात्र निराळी आहे: बालपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती त्याची मातृभाषा. शिक्षक आणि लेखनिक यांनी येत्या जूनमध्ये तो रकाना भरून घेताना आईला एकदा विचारून पाहावे. ती काय सांगते, आणि सांगण्याआधी कुणाकडे पाहते, हेही लक्षात ठेवावे.